बाईंच्या कादंबरीतली मुलगी

बाईंच्या कादंबरीतली मुलगी पहाटे पाचला उठायची, तेही कुणी न उठवता. उठली की अंथरुणाची घडी घालायची, तुळशीला पाणी घालायची, धाकट्या भावाला श्लोक शिकवायची आणि मग अभ्यासाला बसायची. वय चौदा. बाई आपणच लिहिलेलं हे वाचत होत्या तेव्हा मी त्यांच्या ओट्यापाशी पोळ्या लाटत होते, आणि पंचवटीत आमच्या खोलीत पंधरा वर्षांची एक मुलगी डोक्यावरून गोधडी घेऊन झोपली होती. तिला मी निघताना तीन हाका मारल्या होत्या आणि तिन्ही वेळा "उठलेय" असं उत्तर मिळालं होतं.

बाई मुलींच्या हायस्कुलात मराठी शिकवायच्या. पूल ओलांडून रविवार कारंजाच्या पुढे त्यांचं घर. एकट्याच राहायच्या. मी सकाळी सातला जाऊन त्यांचा स्वयंपाक करत असे. ऐंशी-एक्क्याऐंशी सालची ही गोष्ट. मला तिथे दोन वर्षं होत आली होती. माझी शाळा चौथीत सुटली, म्हणून असेल, पण बाईंना मला वाचून दाखवायला आवडायचं. वर्गातल्या मुली खिडकीबाहेर बघतात, अशी त्यांची तक्रार होती. मला तव्यावरची पोळी सोडून कुठे जाता येत नव्हतं.

त्या दिवशी त्या कादंबरीतली मुलगी गणितात नापास झाली. मग ती गच्चीवर गेली, मावळत्या सूर्याकडे बघितलं आणि तिने निश्चय केला. बाईंचा आवाज जरा भरून आला होता. मी मान खाली घालून लाटत होते, पण माझे खांदे हलले असावेत. बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मी काही नाही म्हणाले. त्यांनी चष्मा काढून ठेवला. चष्मा काढला की त्या उत्तर घेतल्याशिवाय राहत नाहीत, हे त्यांच्या शाळेतल्या सगळ्या मुलींना माहीत होतं आणि मलाही.

"मुली नापास झाल्या की गच्चीवर जात नाहीत, बाई," मी म्हणाले. "त्या शेजारणीला किती मार्क पडले ते विचारायला जातात."

मला वाटलं, आता हे काम गेलं. पण बाई उठल्या. आत गेल्या आणि एक पत्र घेऊन आल्या. पुण्याच्या एका प्रकाशकांचं होतं. कादंबरी त्यांनी परत पाठवली होती. भाषा चांगली आहे, विषय चांगला आहे, पण यातल्या मुली मुली वाटत नाहीत, चाळिशीच्या बायका वाटतात, असं त्यांनी सभ्य शब्दांत लिहिलं होतं. बाईंनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाल्या की वीस वर्षं मी रोज चाळीस-चाळीस मुलींच्या समोर उभी राहते, मला मुली कळत नाहीत असं हा माणूस म्हणतो. मला सांगावंसं वाटलं की तुम्ही समोर असता म्हणूनच. तुम्ही वर्गात शिरलात की त्या कादंबरीतल्या मुली होतात आणि तुम्ही बाहेर पडलात की पुन्हा आपापल्या होतात. पण एका दिवसात एकच वाक्य बोलायची माझी ताकद असते, आणि ते बोलून झालं होतं.

तेव्हापासून मात्र त्या मला विचारू लागल्या. अमुक झालं तर मुलगी काय करेल, तमुक झालं तर काय म्हणेल. त्या मला वहिनी म्हणायच्या. "वहिनी, मुलगी रुसली तर जेवत नाही ना?" मी सांगायचे, जेवत नाही, पण तुम्ही ताट उचलू नका, झाकून ठेवा आणि तिथून जरा बाजूला व्हा. तिला जेव म्हणून दोनदा विचारायचं. एकदा विचारलं तर आईला काही पडलेली नाही, आणि तीनदा विचारलं तर आई डोकं खाते. "काही नाही" हे उत्तर मुली दिवसातून वीस वेळा देतात, आणि प्रत्येक वेळी ते वेगळं असतं. एक "काही नाही" म्हणजे पुन्हा विचार. एक म्हणजे विचारलंस तर बघ. एक म्हणजे खरंच काही नाही, पण ते क्वचित. बाई हे सगळं पेन्सिलीने लिहून घ्यायच्या. मुलगी आईबरोबर बाजारात जाते तेव्हा चार पावलं पुढे चालते, कुणी भेटलं तर एकटी आहोत असं दिसावं म्हणून. आणि भाजीवाल्याने आईला फसवायला घेतलं की तीच चार पावलं मागे येऊन त्याच्याशी भांडते. हे ऐकून बाई फार खूश झाल्या होत्या.

प्रत्येक गोष्ट मी "आमच्या गल्लीतली एक मुलगी" म्हणून सांगत होते. गल्लीत मुली पुष्कळ होत्या, पण मी सांगितलेली प्रत्येक मुलगी माझीच होती.

ती माझी आहे आणि तुमच्याच शाळेत आहे, हे मी बाईंना सांगितलं नव्हतं. तिनेच तसं बजावलं होतं. मी बाईंकडे कामाला लागले त्याच आठवड्यात ती म्हणाली होती की शाळेत सांगायचं नाही, नाहीतर बाई मला ओळखीने मार्क देतात असं मुली म्हणतील. मला ते फार पटलं होतं. केवढी स्वाभिमानी मुलगी, असं यांना कौतुकाने सांगितलंही होतं. आमचं आडनाव त्या शाळेत डझनभर मुलींचं होतं, त्यामुळे बाईंच्या लक्षात येण्याचं काही कारण नव्हतं.

खरं कारण मला एप्रिलमध्ये पापडांच्या वेळी कळलं.

आमच्या चाळीत उन्हाळ्यात प्रत्येक घरचे पापड सगळ्या मिळून करायच्या. आज एकीचे, उद्या दुसरीचे. गॅलरीत चटया टाकून एका टोकाला आम्ही बायका बसायचो, दुसऱ्या टोकाला परीक्षा संपलेल्या मुली. पीठ आम्ही कुटायचो, लाट्या त्या करायच्या आणि त्यातल्या निम्म्या तेल लावून खाऊन टाकायच्या. लाटताना हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, त्यामुळे दोन्हीकडे गप्पा चालायच्या. याचा एक रिवाज होता. तो कुणी कुणाला शिकवला नव्हता, तरी सगळ्यांना माहीत होता. मुलींचं बोलणं आयांना ऐकू येतं, पण आया ऐकलं असं दाखवत नाहीत. आयांचं बोलणं मुलींना ऐकू येतं, त्याही दाखवत नाहीत. पोळपाटावर ऐकलेलं उठताना तिथेच झटकायचं. कुणाच्या सासूचं, कुणाच्या नवऱ्याचं किती काय मुलींच्या कानावर पडलं असेल, पण एकीनेही कधी बाहेर नेलं नाही.

त्या दिवशी आमचे पापड होते. माझ्या मुलीशेजारी तिची वर्गमैत्रीण बसली होती, आमच्याच चाळीतली, दोन दारं सोडून राहणारी. मधेच ती मैत्रीण हलक्या आवाजात म्हणाली, "तुझी आई शिवणक्लास घेते ना, मग मला एक ब्लाऊज शिवून दे की तिच्याकडून." माझ्या मुलीने तिच्या पाठीत धपाटा घातला आणि हळू बोल म्हणाली. मग दोघी हसल्या. पुढचं तुकड्यातुकड्याने कानावर आलं. आठवीत नव्या वर्गशिक्षिकेने प्रत्येकीला उभं करून घरी कोण काय करतं ते विचारलं होतं, आणि माझ्या मुलीने आई शिवणक्लास घेते असं सांगितलं होतं. दहा-बारा बायका येतात, असंही वर जोडलं होतं.

यांच्या शर्टाचं बटण तुटलं तर ते हेच लावतात. मी लावलेलं दुसऱ्या दिवशी लोंबतं. ब्लाऊजचं हूक मी लावलं तर काजं एकीकडे आणि हूक दुसरीकडे जातं. एवढ्या मोठ्या जगात माझ्यासाठी काम शोधायचं, तर तिने नेमकं हे शोधलं. मला खरंच हसू आलं. पण हातातला पापड पोळपाटाला चिकटला, तो सुटता सुटेना, आणि शेजारणीने विचारलं तेव्हा मी पीठच सैल झालंय म्हणून सांगितलं.

चार-आठ दिवस मी ते मनात ठेवलं. मग एका सकाळी बाई विचारत होत्या की मुली खोटं बोलतात तेव्हा कशाबद्दल बोलतात, आणि मी सांगून बसले. आमच्या गल्लीतली एक मुलगी आहे, तिची आई लोकांकडे स्वयंपाक करते आणि मुलगी शाळेत सांगते की शिवणक्लास घेते. हसत हसत सांगितलं. हसून सांगितलं की ते फक्त गमतीचं होऊन जातं, असं मला वाटलं होतं. बटणाचंही सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा म्हणाल्या.

मे महिन्यात मी येवल्याला मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाला आठ दिवस गेले. तेवढ्यात बाईंनी ते प्रकरण लिहून काढलं. मला त्यांनी ते वाचून दाखवलं नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली, दहावीचा एक वर्ग बाईंकडे आला आणि एका मोकळ्या तासाला त्यांनी ते त्या वर्गाला वाचून दाखवलं. त्या वर्गात माझी मुलगी होती.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि तिने चपला भिंतीला लावून नीट ठेवल्या. मग पाय धुतले. गणवेशाची घडी केली. मग माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आई, काही मदत करू का?"

मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती पाचला उठली. हाक मारावी लागली नाही. अंथरुणाची घडी, केर, पाणी, सगळं करून अभ्यासाला बसली. वाढलं ते जेवली. दोडक्याची भाजी होती, तरी. हे म्हणाले, "पोरगी दहावीत गेली आणि सुधारली." शेजारणी आपापल्या मुलींना तिच्याकडे बोट दाखवू लागल्या. तिसऱ्या दिवशी तिने मला बाजारातून येताना पिशवी दे म्हटलं आणि माझ्या शेजारून, अगदी खांद्याला खांदा लावून चालली. मला रडू यायचं बाकी राहिलं. घरात कुणी सभ्य पाहुणी राहायला आली होती आणि माझी मुलगी कुठे गेली ते मला कुणी सांगत नव्हतं. मी काय झालं विचारलं की "काही नाही, आई" म्हणायची. माझ्या ओळखीच्या कुठल्याच "काही नाही"मध्ये हे बसत नव्हतं. त्यात रागसुद्धा नव्हता. राग असता तर मी ताट झाकून ठेवलं असतं.

चौथ्या दिवशी तिची ती मैत्रीण गॅलरीत भेटली. मी काही विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "काकू, बाईंनी वर्गात गोष्ट वाचली. शिवणक्लासची. त्यात बटणपण आहे." आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. मग मला सगळं कळलं. मुलगी पाचला का उठते तेही कळलं. बाईंच्या कादंबरीत तिला घातलं होतं ना, म्हणून ती त्या पाचला उठणाऱ्या मुलीसारखी, जिच्याबद्दल मीच घरी हसत सांगितलं होतं, वागून दाखवत होती. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण तिला बाईंच्या हाती कुणी दिलं होतं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी आम्ही गच्चीवर चादरी धूत होतो. ओली चादर पिळायला दोघी लागतात. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे, दोघींनी उलट्या दिशेला पीळ द्यायचा. अर्ध्यावर सोडून कुणाला जाता येत नाही. म्हणून मी तेव्हाच बोलले. म्हणाले, मी बाईंना सांगते, ते काढून टाका म्हणून.

"काय सांगशील?" ती म्हणाली. "कुणाची मुलगी म्हणून सांगशील?"

याचा मी विचार केला नव्हता. काढायला सांगायचं तर कुणाचं आहे ते सांगावं लागणार, म्हणजे जे लपवायचं तेच पुन्हा माझ्या तोंडून जाणार.  ती पीळ देत राहिली. मग म्हणाली, "ऐकलंस ते ऐकलंस. पापडाच्या वेळी सगळ्याच ऐकतात. बाहेर कुणी नेतं का?"

मी माझ्याकडच्या टोकाला आणखी एक पीळ दिला.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला म्हणून मला बरंही वाटलं. नेलंस ते नेलंस, म्हणाली, पण बाईंनी त्याचं काय केलंय ते माहीत आहे का तुला. कादंबरीत म्हणे ती मुलगी शेवटी भर वर्गात उभी राहते. हुंदके देत सांगते की माझी आई लोकांकडे स्वयंपाक करते आणि मला तिचा अभिमान आहे. सगळा वर्ग टाळ्या वाजवतो. मग ती धावत घरी जाते आणि आईच्या पायांवर डोकं ठेवते. हे ऐकून बाईंच्या वर्गातल्या दोन मुली रडल्या होत्या आणि बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी जाहीर केलं, येत्या मंगळवारच्या मोकळ्या तासाला प्रत्येकीने या मुलीसारखं उभं राहून आपल्या आईबद्दल खरं खरं बोलायचं.

"ती तर प्रत्येक तासाला मान वळवून बघते," मुलगी त्या मैत्रिणीबद्दल म्हणाली, "मी केव्हा उभी राहते म्हणून. मंगळवारी मी काय करू? पुन्हा शिवणक्लास सांगू, तिच्यासमोर?"

"खरं सांगितलंस तर?"

"बाईंच्या पुस्तकातल्यासारखं? मेले तरी नाही."

मग मी काय करू म्हणून विचारलं. तू काही करू नकोस, तू केलंस तेवढं पुरे, असं म्हणून तिने चादरीला असा पीळ दिला की माझ्या हातातलं टोक सुटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी नेहमीसारखी सातला बाईंकडे गेले. बाई फार आनंदात होत्या. मंगळवारचा बेत त्यांनी मला सांगितला. तुमच्या गल्लीतल्या त्या मुलीमुळे हे झालं वहिनी, म्हणाल्या, आणि आता कादंबरी पुन्हा पुण्याला पाठवते. मी कणीक मळत होते. काहीतरी बोलायला हवं होतं आणि काही करू नकोस असं बजावलेलं होतं, म्हणून मी कणीकच मळत राहिले. एवढी मळली की नंतर पोळ्यांना पापुद्रा सुटला नाही. बाईंनी खाताना विचारलंही होतं, पीठ बदललंत का म्हणून.

पहिली पोळी तव्यावर टाकली आणि मागच्या दारात कुणीतरी उभं दिसलं. माझी मुलगी होती. घरातला फ्रॉक, केस न विंचरलेले, आणि हातात आमच्या खोलीची किल्ली.

बाईंनी तिला ओळखलं. त्या म्हणाल्या, "अगं, तू इकडे कशी? सुट्टीच्या दिवशी?"

ती म्हणाली, "किल्ली द्यायला आले. आईला."

घरात हे होते, किल्लीची मला काही गरज नव्हती. मी ती घेतली आणि कमरेला खोचली. बाई एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होत्या. मग त्या खुर्चीवर बसल्या. तव्यावरची पोळी काळी होऊ लागली होती, ती मी उतरवली.  मला वाटतं, बाई तेव्हा मनातल्या मनात गल्लीतली एकेक मुलगी आठवत असतील, रुसलेली, नापास झालेली, चार पावलं पुढे चालणारी, आणि सगळ्यांना एकच तोंड लागत असेल.

त्या काही म्हणणार एवढ्यात मुलगीच बोलली. मला वाटलं ती आता माझ्याबद्दल काही बोलेल, माफी मागेल, किंवा माझ्यावर रागावेल. त्यातलं काही नाही. ती म्हणाली, "बाई, मंगळवारचं ते ठेवू नका."

"का गं?"

"कुणी खरं सांगणार नाही. सगळ्या तुमच्या पुस्तकातलं बोलतील. रडायचं कुठे तेसुद्धा ठरलंय चौघीजणींचं."

बाईंचा चेहरा उतरला. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना कुणी असं सांगत नाही, आणि ते त्यांच्याच स्वयंपाकघरात. मला मुलीला दटावावंसं वाटलं, पण मी तव्यावर दुसरी पोळी टाकली. बाईंनी चष्मा काढला. पण माझी मुलगी त्या चष्म्याला घाबरायची वेळ टळून गेली होती. ती दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली की पुस्तकाचा शेवटही चुकला आहे. वर्गात कुणी असं उभं राहत नाही. उभं राहिलं तर टाळ्या कुणी वाजवत नाही, मधल्या सुट्टीत सगळ्याजणी खोदून खोदून विचारतात.

"मग ती काय करते?" बाईंनी विचारलं. रागाने विचारलं, पण पेन्सिल हातात घेतलेली होती.

"काही नाही करत. तिच्या मैत्रिणीला माहीत असतं. मैत्रीण चिडवते, पण कुणाला सांगत नाही. दोघी डबा खातात. एवढंच."

"आणि आई? आईला काय वाटतं?"

"ते मला काय माहीत," ती म्हणाली. "तिलाच विचारा."

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. इतके दिवस मी दुसऱ्यांचं म्हणून सांगत आले होते. माझं काय ते कुणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तर मी सांगितलंही नसतं. पण मुलगी चौकटीला टेकून उभी होती आणि जमिनीकडे बघत होती, आणि पायाच्या अंगठ्याने फरशीची भेग उकरत होती. घरात आलेली ती सभ्य पाहुणी असं काही करत नव्हती.

"वाईट वाटलं," मी म्हणाले. "हसूही आलं. दोन खोल्यांत दहा-बारा बायका कुठे बसवणार होती ही?"

मुलीच्या नाकातून हसण्याचा आवाज आला. मान वर न करता म्हणाली, "दोन पाळ्या केल्या असत्या."

बाईंनी हे लिहून घेतलं की नाही ते मी बघितलं नाही. मी तवा पुसत होते. पाठीमागे मुलगी बाईंना म्हणाली की शिवणक्लासचं राहू द्या, ते चांगलं आहे, बटणाचं मात्र काढा, ते आमच्या घरातलं आहे. बाई बरं म्हणाल्या. मग त्यांनी तिला बस म्हटलं आणि तिने पोळी-भाजी खाल्ली. दोडका होता. तिने सगळा ताटाच्या कडेला सारला.

मंगळवारी बाईंनी मोकळ्या तासाला पत्रलेखन घेतलं. रडायची तयारी केलेल्या चौघीजणी हिरमुसल्या, असं कळलं. कादंबरी पुढच्या वर्षी निघाली, तिचा शेवट बदललेला होता. बाईंनी एक प्रत माझ्या हातात दिली आणि त्यात काय लिहावं ते न सुचल्याने नुसती सही केली. वर्गात त्या कधी काही बोलल्या नाहीत. आणि दहावी संपेपर्यंत शाळेत कुणी विचारलं तर माझी मुलगी, आई शिवणक्लास घेते, असंच सांगत राहिली. तिने ते बदललं नाही. बदलायचं तर ते तिचं तिने बदलावं, मी त्यात पडले नाही.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचंच. दुपारी तिची मैत्रीण आली आणि दोघी गॅलरीत जाऊन बसल्या. दार अर्धं उघडं होतं. आधी कुजबुज चालली होती. मग माझी मुलगी कुणाच्या तरी आवाजाची नक्कल करू लागली, सावकाश, एकेक शब्द तोलत. बाईंची असेल. मग दुसरा आवाज काढला, पडेल, तोंडातल्या तोंडात. तो माझा होता. मैत्रीण खो खो हसत सुटली. मी आत चहा ठेवला होता आणि तो केव्हाच उकळला होता. पुढचं वाक्य येतंय असं वाटलं तेव्हा ते कानावर पडू नये म्हणून मी स्टोव्हला जोरजोरात पंप मारायला घेतला. स्टोव्ह असा घरघरू लागला की हे आतल्या खोलीतून बाहेर आले आणि काय चाललंय म्हणून विचारू लागले. मी काही नाही म्हणाले आणि आणखी पंप मारत राहिले.